अ चा पट्टा, ब चा पट्टा

माझ्या आत्यानं एकतीस वर्षं रक्ताच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, आणि एकतीस वर्षांत एकदाही एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर जाऊ दिलं नाही. हे मी नाही, ती स्वतः सांगते, कुणी विचारो न विचारो. तपासणी प्रयोगशाळेतून निवृत्त झाली तेव्हा तिला भिंतीवरचं घड्याळ मिळालं, ते अजून खोक्यातच आहे. पण चिठ्ठ्यांच्या पांढऱ्या चिकटपट्टीची दोन रिळं मात्र ती मागून घेऊन आली. आमच्या घरात साखरेच्या डब्यावर चिठ्ठी, मिठाच्या डब्यावर चिठ्ठी, माझ्या दात घासायच्या ब्रशवरही चिठ्ठी. बर्फावर तेवढी नाही, कारण ती चिकटत नाही.

म्हणूनच गेल्या महिन्यात मैदानावर जे झालं ते अजून माझ्या घशाखाली उतरत नाही. चष्म्याच्या दुकानात मी लोकांचे नंबर तपासते, तर त्या दिवसापासून प्रत्येक चष्मा देताना पाकिटावरचं नाव चारदा वाचते. गिऱ्हाईक वैतागतं. वैतागू दे.

आत्याला कुत्र्यांचं वेड निवृत्तीनंतर लागलं. तेही साध्यासुध्या कुत्र्यांचं नाही. वासावर नाही तर नजरेवर शिकार करणारी जी जात असते ना, लांब पाय, निमुळतं तोंड, कंबर अशी की बघणाऱ्यानं घरी जाऊन आरशात बघू नये, ती जात. एकाच वेताच्या दोन बहिणी तिनं आणल्या. दोघी सायीच्या रंगाच्या, दोघींचं नाक काळं, दोघी दहा आठवड्यांच्या. मी तेव्हा नुकतीच नोकरीसाठी तिच्याकडे राहायला आले होते. सोबत डॉक्टरांचा कागद होता. त्यावर दोघींच्या कातडीखाली बसवलेल्या चिपचे आकडे आणि तपासणीचा निकाल. एक ठणठणीत. दुसरीच्या काळजाच्या ठोक्यामागे एक जादा आवाज. हिला जोरात पळू देऊ नये, रोज गोळी द्यावी.

आत्यानं त्याच संध्याकाळी पट्ट्यांवर चिकटपट्टी लावली. ठणठणीत ती अ, आजारी ती ब. आठवड्याभरात नावंही ठेवली. अ झाली वावटळ आणि ब झाली झुळूक. नावं अशी चपखल बसली की मी टाळ्या वाजवल्या. आता ते आठवलं की मला माझ्याच हातांचा राग येतो.

वावटळ पळायला शिकली. कोर्सिंग म्हणतात त्याला. मोकळ्या मैदानावर जमिनीलगत दोरी फिरवलेली असते, तिला पांढरी पिशवी बांधलेली असते, आणि एक यंत्र ती दोरी वेड्यासारखी ओढतं. पिशवी वळली की कुत्र्यानं वळायचं, सशामागे वळावं तसं. दोन कुत्री एकदम सोडतात, एकीला लाल अंगरखा, एकीला पिवळा, आणि परीक्षक वेग, वळण, चिकाटी यांचे गुण देतात. आमची लाल अंगरख्यात निघाली की लोक बोलायचे थांबत. चार पाय एकाच वेळी हवेत असायचे. परत यायची ती जीभ लोंबत, डोळे चमकत, आणि माझ्या गुडघ्यावर सगळा भार टाकून उभी राहायची. मी तिच्या छातीवर थोपटायचे. "दमली गं माझी वावटळ," म्हणायचे.

झुळूकला पळायची बंदी. पण ती दिसायला देखणी, म्हणून आत्यानं तिला प्रदर्शनात उतरवलं. तिथे नुसतं रिंगणातून तालात चालायचं असतं, मान वर, दोर सैल. त्यासाठी आणि तिच्या जिवासाठी आत्यानं तिला एकच शब्द शिकवला: हळू. जिन्यावर हळू. अंगणात हळू. खिडकीतून मांजर दिसलं तरी हळू. सुरुवातीला ती कुईकुई करायची, दाराला नाक लावून थरथरायची. दोन वर्षांनी थरथरणंही थांबलं. आत्या कौतुकानं सांगायची, "पोर किती समजूतदार आहे बघ. तिला कळतं आपल्याला काय झालंय ते."

गल्लीच्या टोकाला जनावरांचे डॉक्टर आहेत. ते दरवर्षी झुळूकच्या छातीला नळी लावून म्हणायचे, "वा, आवाज जवळजवळ गेला. गोळीचा गुण आहे, चालू ठेवा." वावटळची लस टोचताना एकदा त्यांनी भुवया वर केल्या होत्या. पण मग स्वतःच म्हणाले, "पळणाऱ्या जातीच्या छातीत असं थोडंफार ऐकू येतं." आम्ही दोघींनी माना डोलावल्या.

गेल्या महिन्यातली स्पर्धा वावटळची शेवटची मोठी. ती जिंकली असती तर तिच्या नावापुढे किताब लागला असता. बाजूच्याच मंडपात दुपारी झुळूकचं प्रदर्शन होतं, म्हणून दोघींना घेऊन गेलो. सकाळपासून आत्याची बडबड चालू होती, सवयीप्रमाणे एकतीस वर्षांची गोष्ट तिनं पार्किंगवाल्यालाही ऐकवली.

या वर्षी नवा नियम होता. पूर्वी कागद बघून सोडायचे. आता मैदानात उतरण्याआधी चिप तपासणार. टेबलामागच्या बाईंनी वावटळच्या मानेवरून यंत्र फिरवलं. टिक आवाज आला. बाईंनी आकडा पाहिला, कागद पाहिला.

"आकडा जुळत नाही, मॅडम."

"परत लावा," आत्या म्हणाली. "यंत्र नीट धरलं नसेल."

परत टिक. बाईंनी पडदा आमच्याकडे वळवला. शेवटचे आकडे दोन आठ नऊ.

मला काही बोध झाला नाही. पण आत्याचा चेहरा पाहिला आणि यंत्र चुकलेलं नाही एवढं कळलं. तिला आकडे पाठ असतात, त्या दोघींचे तर झोपेतही. दोन आठ नऊ हा ब चा आकडा होता.

"परत," आत्या म्हणाली. आवाज तिचा नव्हताच.

तिसऱ्यांदाही तेच. मग ती माझ्या हातातून झुळूकचा दोर घेऊन टेबलाशी आली आणि झुळूकची मान पुढे केली. टिक. सहा शून्य चार. अ. ठणठणीत.

मागे रांग होती. कुणीतरी "काय झालं हो?" विचारत होतं. वावटळ लाल अंगरख्यात नाचत होती, तिला पिशवी दिसली होती. आणि मी तिथे उभ्या उभ्या चार वर्षं मागे गेले, कारण त्या सगळ्या मैदानात एकट्या मलाच माहीत होतं की हे कधी झालं.

पिल्लं आणल्याच्या तिसऱ्या दिवशी ती चिखलात लोळली होती. आत्या बाहेर गेली होती. मी पट्टे काढले, दोघींना न्हाणीघरात घेतलं. एकीच्या डोळ्यात साबण गेला, ती निसटली, तिच्यामागे दुसरी, आणि दोघी पलंगाखाली शिरल्या. बाहेर आली ती दोन ओली, सायीच्या रंगाची, अगदी एकसारखी पिल्लं. माझ्या हातात अ आणि ब. कुठला कुणाचा? मी अर्धा मिनिट तशीच उभी राहिले. मग अंदाजानं घातले आणि मनाशी म्हटलं, असेल बरोबर. आत्या आली तेव्हा सांगणार होते, पण तिनं ती बाटल्यांची गोष्ट सुरू केली आणि माझी हिंमत झाली नाही. चार दिवसांनी मी विसरूनही गेले. खरंच विसरले. याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

"आमचं नाव काढा," आत्या बाईंना म्हणाली आणि मैदानावरच्या डॉक्टरांच्या तंबूकडे चालू लागली.

हे डॉक्टर तरुण होते, हसतमुख होते. वावटळच्या छातीला नळी लावली आणि हसू गेलं. बराच वेळ ऐकलं. मग डोळे मिटून परत ऐकलं.

"ही पळते?"

"तीन वर्षं," मी म्हटलं.

"किती वेळा?"

"आठवड्यातून तीनदा. स्पर्धा वेगळ्या."

त्यांनी नळी गळ्यात टाकली. "ही आज इथे उभी कशी आहे तेच मला कळत नाही," ते म्हणाले. "तुम्हाला घाबरवत नाही, पण आता एक धावही नको. एकही नाही. उद्या मोठ्या दवाखान्यात नेऊन तपासून घ्या."

आत्यानं झुळूकच्या गोळ्यांचा कागद पुढे केला. तिची छाती त्यांनी ऐकली आणि म्हणाले, "ही अगदी स्वच्छ. हिला गोळ्या कशाच्या चालू आहेत?"

आत्यानं कागदाची घडी घातली आणि बाहेर पडली.

तंबूबाहेर एक बाक होतं. मी तिथे आत्याला सगळं सांगितलं, पलंगाखालच्या पिल्लांपासून. मला वाटलं होतं, ती मला फाडून खाईल. खावं असंच मला वाटत होतं. ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती.

"शंका आली होती ना तुला?"

"हो."

"शंका आली की बाटली फेकायची आणि रक्त परत घ्यायचं. पहिल्या दिवशी शिकवतात हे." ती थांबली. "कागद घरात होता गं. गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेऊन चिपचा आकडा बघायला किती वेळ लागला असता?"

मी रडायला लागले. तिनं पदर पुढे केला नाही की पाठीवर हात ठेवला नाही. मग एकदम म्हणाली, "मलाही आली होती."

मी वर पाहिलं.

"पुढच्याच आठवड्यात. ब चढली सगळा जिना, एका दमात. वर जाऊन उभी, धापसुद्धा नाही. आणि अ मधल्या पायरीवर बसली होती. मी खाली वाकून पट्टे वाचले. ब लिहिलं होतं, मग मी ब ला रागावले. हळू म्हटलं." तिनं झुळूकच्या पट्ट्यावरची चिठ्ठी नखानं खरवडली. "पट्टा वाचला मी. एकतीस वर्षं तेच केलं. कुत्रीकडे बघितलंच नाही."

आत्याला एवढं हतबल मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी तिनं झुळूकला प्रदर्शनातही उतरवलं नाही. दुपारभर आम्ही बाकावर बसून राहिलो. माझा एक हात वावटळच्या दोरात गुंडाळलेला होता, ती पिशवी सुटली की दर वेळी उसळत होती, आणि दर वेळी मी दोराला आणखी एक वेढा घेत होते.

संध्याकाळी स्पर्धा संपली. शेवटी नवख्या कुत्र्यांना हौस म्हणून एक छोटी फेरी देतात. आत्या उठली, झुळूकला घेऊन तरुण डॉक्टरांकडे गेली. ते म्हणाले, "अर्धी फेरी चालेल. दमवू नका." मग ती रेषेवर जाऊन उभी राहिली. लोक निघायच्या तयारीत होते, थोडे थांबले.

यंत्र घरघरलं. पिशवी सुटली. आत्यानं दोर सोडला.

झुळूक उभी. कान टवकारलेले, सगळं अंग ताणलेलं, नजर पिशवीवर खिळलेली. पाय काही हलले नाहीत. तिनं मान वळवून आत्याकडे पाहिलं.

"पळ," आत्या म्हणाली.

तो शब्द तिनं झुळूकला आयुष्यात कधी म्हटला नव्हता. झुळूक निघाली, पण मान वर, पावलं मोजून, रिंगणात चालावी तशी तालात. पिशवी केव्हाच लांब गेली. कडेला कुणीतरी हसलं. मला त्या माणसाचा गळा धरावासा वाटला.

"पळ गं! पळ, बाई!" आत्या ओरडली, आणि मग बासष्ट वर्षांची माझी आत्या, गुडघ्यांना पट्टे बांधणारी, स्वतःच पळत सुटली. पदर खोचून, चप्पल मागे टाकून, हात हवेत फेकत. झुळूक तिच्यासोबत निघाली. आता पळेल, आता सुटेल, अशी आशा मी धरून बसले होते. ती पळाली, पण आत्याच्या गुडघ्याला गुडघा लावून, आत्याच्याच वेगानं. आत्या अडखळली की ती थांबायची. तिला वाटत होतं, आत्याला हेच हवंय.

आत्या परत आली ती लाल होऊन, धापा टाकत. गवतातच बसली. झुळूक तिच्यासमोर शहाण्यासारखी बसली.

"हिला मी बघते," आत्या म्हणाली. "हिला तो जुना शब्द विसरायला लावायला मला किती वर्षं लागतील कुणास ठाऊक. वावटळला तो तू शिकवायचास. रोज. आजपासून."

मी मान हलवली. मैदानात शेवटच्या कुत्र्यासाठी पिशवी पुन्हा सुटत होती. मी वावटळच्या बाजूला गुडघ्यांवर बसले, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "हळू."

तिच्यासाठी तो शब्द नवा होता. रेषेजवळ, पिशवी सुटताना, मी कानाशी काही बोलले की त्याचा एकच अर्थ असतो, हे मीच तिला तीन वर्षं शिकवलं होतं. ती सगळ्या ताकदीनिशी उसळली. दोर माझ्या मनगटाला कापत गेला, मी तोंडावर पडले, पण सोडला नाही. सरपटत जाऊन तिला दोन्ही हातांनी कवटाळलं. ती किंचाळत होती. माझा तळहात तिच्या बरगड्यांवर होता, रोज थोपटायचे तिथेच, आणि त्याखाली तिचं काळीज धडधडत होतं. प्रत्येक ठोक्यामागे काहीतरी बारीकसं थरथरत होतं, हाताला स्पष्ट लागत होतं. ते आज सुरू झालेलं नव्हतं.