शिळा पेपर

हे मी माझ्या बायकोलाबी सांगितलं न्हाई, आणि ती आता न्हाई. लेकाला ठाऊक न्हाई. जिला ठाऊक हाय तिच्यापुढं मी कधी तोंड उघडलं न्हाई. महिना झाला लिहितोय — माझ्याच हातानं, जोडाक्षर अडलं की थांबून. पण मुद्द्याशी आलो की हात दुसरीकडंच वळतो.

आताबी बघा, मला आधी आमच्या ओट्याचंच सांगावं वाटतंय.

आमचं गाव युसूफ वडगावाजवळ. ओटा मोठा, रस्त्याला लागून. सकाळच्या एसटीनं पेपर यायचा. गावात तवा पेपर घेणारा मी एकटा. चार माणसं जमायची, सून पेपर आणून ठेवायची, चहा द्यायची आणि मी पेपर वाचून दाखवायचो. कोण निवडून आलं, कुठं काय जळालं. वाचून झाला की घडी घालून मांडीखाली. दुसऱ्याच्या हातात पेपर द्यायचो न्हाई.

कावून? तर मी दुसरी पास. अक्षर वळखायचो, ओळ लागायची न्हाई. फोटो बघायचो आणि इकडंतिकडं कानावर पडलेलं, डोळे पेपरात ठेवून सांगायचो. कुणाला पत्ता न्हवता. असं मी धरून चाललो होतो.

पण कबूल करायचं ते हे न्हाई. हे नुसतं सोंग. सोंगं कोण करत न्हाई?

सून सुरेखा, घाटनांदूरची. अंबाजोगाईला इंग्रजी घेऊन शिकलेली. लई बडबडी. चहा ओतता ओतता चालूच — आबा, केजला असं झालं म्हणं, मुंबईला तो मंत्री गेला म्हणं. मी म्हणायचो, पुरे गं बाई, कान किटले. दुपारी कामं आटपली की वही घेऊन बसायची. गोष्टी लिहायची, इंग्रजीत. मी एकदा टोमणा मारला, मराठी आटली का गं? तर हसत म्हणाली, "आबा, घरात कुणाला वाचता येऊ नये म्हणून इंग्रजी."

मीबी हसलो. पण ते मनात राहिलं.

केजला जाऊन टाइप करून आणायची आणि पोस्टानं पाठवायची. दिल्लीला, एकदा तर थेट विलायतेला, इंग्रजी पुस्तकं छापणाऱ्यांकडं. सहा-सहा महिन्यांनी उत्तर यायचं, कधी यायचंच न्हाई. आलं की दारात उभ्या उभ्या वाचायची आणि म्हणायची, नको म्हणालेत, पण गोडीत म्हणालेत. की लगेच नवं पाकीट. पाच वर्षं हेच. तेवढी जिद्द माझ्या लेकात न्हाई.

पाकिटात फोन नंबर लिहावा लागायचा. तिच्याकडं मोबाइल होता. पण परक्याला सुनेचा नंबर द्यायचा न्हाई, हा माझा हुकूम. तिनं गुमान माझा नंबर लिहिला. पाच वर्षांची मेहनत तिनं माझ्या खिशात ठेवली म्हणा ना.

आणि फोन आला.

दुपारची वेळ. मी ओट्यावर, ती आत पीठ चाळत बसलेली, दारातनं दिसत होती. दिल्लीची बाई, हिंदीत बोलत होती, लई अदबीनं. सुरेखाजी हैं क्या? मी म्हणालो, काम काय. तर म्हणाली, त्यांच्या गोष्टी आमी सगळ्यांनी वाचल्या, पुस्तक करायचं ठरवलंय. खरं सांगतो, माझी छाती फुगली. माझ्या घरचं नाव दिल्लीत! हाक मारायला मी उठलोसुदिक.

तेवढ्यात ती बाई हसली. म्हणाली, ती म्हाताऱ्या सासऱ्याची गोष्ट तर सगळ्यांत भारी. सून त्याला मागच्या महिन्याचा पेपर देते, आणि तो त्यातनं गावाला आजच्या बातम्या वाचून दाखवतो...

मी परत खाली बसलो.

म्हणजे तिनं शिळा पेपर देऊन बघितलं होतं. कधी? कितीदा? आणि मी चार माणसांत तो फडफडवला होता. आता दिल्लीचे लोक हसत होते, पुस्तक झालं की आणखी कोण कोण हसणार. बाई पुढं सांगायला लागली, और आखिर में पता है क्या होता है — मी तिला बोलू दिलं न्हाई.

"वो तो गुजर गई," मी म्हणालो.

मग तिनं विचारलं, कसं, कधी. इथं तरी थांबावं की न्हाई माणसानं? मी थांबलो न्हाई. पंधरा दिवस झाले म्हणालो. ताप आला होता म्हणालो. ऊपरवाले की मर्जी म्हणालो आणि उसासासुदिक टाकला. समोर दारात ती पीठ चाळत होती. चाळणीचा आवाज फोनमधनं दिल्लीला जात असंल.

थोड्या वेळानं चहा घेऊन आली. कुणाचा फोन होता, आबा? राँग नंबर, म्हणालो. वर म्हणालो, चहा पाणचट झालाय. चहा चांगला होता. जिवंत माणसाला मारून त्याच्याच हातचा चहा प्यालो आणि त्याला नावं ठेवली. हे आठवलं की आजबी तोंडात घाण आल्यासारखं होतं. थुंकतो, पण ती जात न्हाई.

महिन्यानं दिल्लीहून पत्र आलं, सुरेखाच्या घरच्यांना म्हणून. मी शेतात गेलतो, पोस्टमननं ते तिच्याच हातात दिलं. मी आलो तवा ती दारात उभी होती. एवढंसं पत्र, पण तिला वाचायला लई वेळ लागला. मग घडी घातली आणि माझ्या हातात दिलं.

"आबा, तुमचं हाय."

"काय लिहिलंय?"

"कुणीतरी वारलंय. दुःख कळवलंय."

आणि मी — निर्लज्जपणा बघा — विचारलं, "कोण गं?"

"तुमच्या वळखीतलं न्हाई," म्हणाली आणि आत गेली.

भांडली न्हाई. नवऱ्याला सांगितलं न्हाई. आपण जिवंत हाय असं तिनं दिल्लीला कळवलंबी न्हाई. कळवायचं तर कुणी मारलं ते लिहावं लागलं असतं. वह्या कुठं गेल्या मी विचारलं न्हाई. नवं पाकीट पुन्हा कधी दिसलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं जमली. तिनं पेपर ठेवला, चहा ओतला आणि गप आत गेली. केज न्हाई, मुंबई न्हाई, मंत्री न्हाई. मी पेपर उघडला आणि सांगायला डोक्यात काहीच न्हाई. तवा मला कळलं, इतकी वर्षं मला पेपर कोण वाचून दाखवत होतं ते. त्या गोष्टीचा शेवटबी तवाच कळला, जो मी त्या बाईला सांगू दिला न्हवता. माणसांना म्हणालो, चष्मा फुटलाय.

मग दार लावून अक्षरांशी झटलो. सत्तरी गाठल्यावर वाचायला शिकलो. कुणासाठी न्हाई, अब्रूसाठीच. तीच अब्रू.

अकरा वर्षं झाली. रोज सकाळी ती पेपर आणून ठेवते, न बोलता. मी आधी तारीख वाचतो. पेपर त्याच दिवसाचा असतो. एकदाबी शिळा दिला न्हाई तिनं.