हात लावायचा न्हाय

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी यंत्रमागाचं काम सोडलं आणि ते जुने कॉम्प्युटर विकत घेऊन, दुरुस्त करून विकू लागले. त्यांच्या घरातली नेटवर्कची वायर जोडून कॉम्प्युटर चालू केला, की तो आपोआप पुसला जाऊन त्यावर नवी सिस्टीम चढायची. "हात लावायचा न्हाय बगा," म्हणत काका मागे हात बांधून उभे राहायचे, चालू मागाजवळ राहायचे तसे.

एकदा नेटसाठी मी माझा लॅपटॉप त्याच वायरीला जोडून चालू केला. गेलेल्या आईचे सगळे फोटो पुसले गेले.

"मशीन कुटं इचारतंय?" काका म्हणाले आणि त्यांनी चहा टाकला.

आता मशीन विचारतं. पडद्यावर येतं, "आत कुणाचे फोटो हायत का?" मग काका जुन्या मालकाला फोन लावतात. मालक सापडला नाही तर मशीन न पुसता तसंच ठेवतात.

त्यांच्या घरात आता पाय ठेवायला जागा नाही.