आमचा इतिहास काढू नका

सोलापूरच्या शाळेत मी नवीन होते. सातवीचा इतिहासाचा पहिलाच तास. पुस्तक न उघडता मी मुलांना विचारलं, "तुमच्या घरचे या शहरात कुठून आले?"

दुसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली. तिचे आजोबा तेलंगणातून इथे कापडाच्या मागावर काम करायला आले होते, घरी अजून तेलुगूच बोलतात, म्हणाली. तिचं बोलणं संपायच्या आत मागून एक मुलगा ओरडला, "म्हंजे तुमी हितले न्हाय की!"

सगळा वर्ग फिदीफिदी हसला. मुलगी मान खाली घालून बसली. माझं डोकंच फिरलं.

"आणि तू कुठला रे?"

"हितलाच. पयल्यापासनं."

"घरी विचारून ये. उद्या सगळ्यांसमोर सांगायचं."

दुसऱ्या दिवशी तो आला नाही, त्याचे वडील आले. तास चालू असताना, न विचारता, थेट वर्गात.

"मॅडम, इतिहास शिकवा. आमचा इतिहास काढू नका!"

"मी फक्त एवढंच विचारलं होतं..."

"कशाला विचारायचं? माझ्या आईनं त्याला सगळं सांगितलं. अक्कलकोटच्या पल्याडचं कानडी गाव, दुष्काळ, डोक्यावर बोचकं घिऊन आलो म्हणून. पोरगं जेवंना झालंय. आपण बी भायरचेच का, म्हणतंय!"

बोलता बोलता ते थांबले. सगळी मुलं ऐकत होती, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. चेहरा काळवंडला. "तुमाला बघून घेतो," म्हणाले आणि निघून गेले. मला त्यांची दया आली नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं.

मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं, "हा प्रश्न पुस्तकात आहे का?"

"नाही."

"मग विचारायचा नाही."

"पुढच्या वर्षीही विचारणार," मी म्हटलं. त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतंच बोलायचे.

दोन दिवसांनी मुलगा आला. वर्ग टपूनच बसला होता. त्या दिवशी त्याच्यासोबत हसणारेच आता त्याला खोटं खोटं कानडी बोलून चिडवू लागले. मी टेबलावर डस्टर आपटलं, चिडवणाऱ्यांना बाहेर उभं केलं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्याचं घर जाळलं होतं. वर्षभर माझ्या एकाही प्रश्नाला त्यानं उत्तर दिलं नाही.

ती मुलगी मात्र त्याच आठवड्यात पुन्हा उभी राहिली. "आजोबांचं अर्धंच सांगितलं होतं," म्हणाली. मी तिला फळ्याजवळ बोलावलं. या वेळी कुणी हसलं नाही. पण ऐकतानाही सगळ्यांच्या कपाळावर आठ्या होत्या, ती अजून बाहेरचीच असल्यासारख्या.