तलवार बदकाचे दोन साक्षीदार

"कशावरून?"

हनुवटी किंचित वर, उजवी भुवई त्याहून वर, आणि हा एक शब्द. पानांतून पाण्याची वाफ बाहेर पडते, असं मी फळ्यावर लिहिलं तरी पहिल्या बाकावरून तो यायचाच. बाकीच्या मुली वहीत उतरवून घेत. ही माझ्या खडूकडे बघत बसायची, जणू खडू हा पढवून आणलेला साक्षीदार आहे. तुम्ही कधी शिकवलं असेल, तर अशी एखादी तुमच्याही वाट्याला आली असेल. अशी मुलगी आवडायला वेळ लागतो.

साल सत्तरच्या आगेमागे. मी जळगावच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते आणि मुलामुलींचं एक पक्षिमंडळ चालवत होते. मला पक्ष्यांचं वेड वगैरे नव्हतं. रविवारी मुलं उनाडण्यापेक्षा तलावाच्या काठी बसलेली बरी, इतकाच हिशेब. वर्षभरात जो सर्वांत जास्त जातींचे पक्षी पाहील तो पहिला. बक्षीस म्हणून पुढचं वर्षभर मंडळाची एकुलती एक दुर्बीण त्याने घरी ठेवायची. तेवढ्यासाठी मुलं एकमेकांच्या जिवावर उठली होती.

स्पर्धा म्हटली की थापा आल्याच. एकाने म्हणे गच्चीवर झोपल्या झोपल्या घुबड ऐकलं.

"ऐकलं म्हणजे पाहिलं नाही," ही म्हणाली.

दुसऱ्याने सुट्टीत यावलच्या जंगलात धनेश पाहिला.

"कशावरून?"

"मामा होता बरोबर. विचार त्याला."

"मामा तुझाच ना?"

शेवटी नियम तिनेच मांडला. मंडळातल्या आणखी कोणी तोच पक्षी त्याच वेळी पाहिला असेल तरच तो धरायचा. मुलांनी कुरकुर केली, पण मला नियम पटला. त्या दिवसापासून आमचं मंडळ म्हणजे पोलीस चौकीच झालं. जो तो दुसऱ्याच्या खांद्यावरून बघायचा.

हा संशय तिने घरूनच आणला होता. धान्याचे व्यापारी, मूळचे मारवाडातले जैन. वडील रावेरच्या दुकानावर असत आणि जळगावचं घर काकांच्या शब्दावर चालायचं. हे काका पोत्यात लोखंडी नळी खुपसून तळाचं धान्य काढत, तळहातावर चोळत, एक दाणा दाताखाली फोडत आणि मग शेतकऱ्याच्या तोंडाकडे बघत. पुतणीला मंडळात त्यांनी एका अटीवर पाठवलं होतं: बाई बरोबर असतील तरच जायचं. एकदा जरी वेगळं काही कानावर आलं, तर मंडळ बंद, शाळाही बंद आणि चाळीसगावला आत्याकडे रवानगी. हे तिनेच मला सांगितलं होतं, वेळापत्रक सांगावं तशा आवाजात.

ती फक्त दुसऱ्यांवरच संशय घ्यायची असं मात्र समजू नका. एकदा मधल्या सुट्टीत माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाई, माझा गरुड काढून टाका."

"का गं? साक्षीदार होता ना?"

"त्याला मीच गरुड म्हणून दाखवला. आता वाटतंय, घार असावी."

वर्षभराच्या कष्टाचा पक्षी असा स्वतःहून परत करणारं दुसरं मूल मी पाहिलं नाही.

तिच्या तोडीस तोड एकच होता. धुळ्याकडच्या खेड्यातून येऊन इथे वसतिगृहात राहणारा एक मुलगा. त्याला सगळे धुळेकरच म्हणत. डोळा घारीसारखा आणि पायात भिंगरी. डिसेंबर उजाडला तेव्हा दोघं बरोबरीत होती आणि एकमेकांशी धड बोलतही नव्हती.

वर्षाच्या शेवटच्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये निकाल होता. काही पालक आले होते. मागच्या खुर्चीवर काळी टोपी घातलेले तिचे काकाही होते. मी दोघांना मिळून पहिलं जाहीर केलं, टाळ्या झाल्या, आणि सवयीने विचारलं, "कोणाचं काही राहिलंय का?"

धुळेकर एकदम स्वतःच्या चपलांकडे बघू लागला. ती उभी राहिली.

"एक राहिलाय, बाई. तलवार बदक. मंगळवारी सकाळी, मेहरूणच्या तलावावर."

"साक्षीदार?"

"धुळेकर."

मंगळवारी मी तलावावर नव्हते. मंडळही नव्हतं. मी घाईने म्हटलं, "अगं, मग त्यालाही एक वाढवून द्यावा लागेल. पुन्हा बरोबरीच. खाली बस."

"बरोबरीच होईल, बाई. पण आकडा खरा होईल."

"मी काही पाहिलं नाही," धुळेकर चपलांनाच सांगत होता.

"खोटं बोलतोय."

"कशावरून?" मागून कोणीतरी तिचाच आवाज काढला. हॉल हसला.

"माझ्या शेजारी उभा होता. शिंकला, म्हणून तर बदक उडालं."

आता मात्र त्याला राहवेना. तोंडून घरची अहिराणीच निघाली. "बठ्ठं खरं शे, बाई! पण ती माले धराले उनी व्हती, मी तिले!"

हळूहळू उलगडा झाला. तो शाळेआधी एकटाच तलावावर जाऊन नंतर खोटा साक्षीदार उभा करतो, असा तिला संशय होता. त्याला तिच्याबद्दल तोच संशय. एकाच सकाळी दोघं एकमेकांना रंगेहाथ पकडायला गेली आणि एकाच बाभळीमागे लपली.

"दोघंच होता?" काकांनी बसल्या जागेवरून विचारलं.

"हो, काकासा."

"देवळात जाते म्हणाली होतीस."

"देवळातही गेले होते. आधी."

या वेळी कोणी हसलं नाही. काका उठले. तीही उठली.

सोमवारी ती शाळेत आली नाही. संध्याकाळी मी दाणा बाजारात दुकानावर गेले. काकांनी गादीवर जागा करून दिली, चहा मागवला.

"बाई, तुमची मुलगी असती तर तुम्ही काय केलं असतं?"

"माझी असती तर गप्प बसली असती आणि मला कधी कळलंही नसतं. तुमची भर सभेत खरं बोलली. तिला शिक्षा कसली करता?"

"खरं बोलली कशावरून? पहाटेच्या वेळी पोरं पाखरं बघायला जातात, यावर बाजारात कोण विश्वास ठेवेल?"

"बाजार राहू द्या. तुम्ही?"

त्यांनी कपबशी बाजूला सारली. मग म्हणाले, "दाखवा मला ते बदक. आहे की नाही, ते मी बघतो."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही तिघं तलावावर. काका धोतराचा सोगा सावरत चिखल चुकवत होते. बदकं भरपूर होती, पण पाहिजे ते दिसेना. मी काठाकाठाने दुर्बीण फिरवत होते. ती शांत. बऱ्याच वेळाने तिने नुसतं बोट केलं, "पलीकडच्या काठाला, गवताजवळ."

काकांनी दुर्बीण लावली. "ते? बाकीच्यांसारखंच तर आहे. सगळी बदकं सारखीच."

"काकासा, दादर ज्वारी आणि हायब्रीड ज्वारी सारखीच का?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं. पुन्हा दुर्बीण लावली. या वेळी घाई केली नाही. ओठ आवळून, एक डोळा बारीक करून ते बघत राहिले.

"मान बारीक आहे याची. लांब. शेपटाला टोक आहे."

"तेच तलवार बदक," मी म्हटलं. "म्हणजे मुलगी खरं बोलली."

"खरंच बोलली." त्यांनी दुर्बीण माझ्या हातात दिली. "पक्षी खरा आहे, बाई. म्हणजे तिच्या शेजारी उभा असलेला तो मुलगाही खराच."

मी पोरीकडे पाहिलं. तिने मान हलवली. मुद्दा तिला मान्य होता.

त्याच आठवड्यात तिला चाळीसगावला पाठवलं. पुढे तिचं काय झालं, मला ठाऊक नाही. काही जण काहीबाही सांगत, पण त्यांतल्या कोणीच तिला स्वतः पाहिलेलं नव्हतं. धुळेकरने दुर्बीण घेतली नाही. ती माझ्याच कपाटात राहिली.

मला ती शेवटची दिसली ती त्या सकाळी, तलावाच्या बांधावरून परत जाताना. पुढे काका, मागे ती, डोक्यावरून पदरासारखी ओढणी घेतलेली, नजर पायांखाली. बाभळीतून काहीतरी दोनदा शीळ घालून गेलं. तिने वर पाहिलं नाही. काका मात्र थांबले आणि टोपी धरून फांद्यांत शोधू लागले.