हिराओका-सानांचे एकेचाळीस बंट

ग्योतोकुच्या त्या गल्लीत कचरा टाकायची जागा म्हणजे विजेच्या खांबाखालची चार हात जमीन आणि कावळ्यांसाठी टाकलेली निळी जाळी. पण दीप्तीला विचाराल तर साऱ्या जपानात तिची आवडती जागा तीच. मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी सातच्या सुमाराला, हातात पिशवी घेऊन शेजारचे हिराओका-सान तिथे यायचे आणि ती पिशवी जाळीखाली सरकवायच्या आधीच म्हणायचे, "काल सातव्या डावात पिचर बदलायला नको होता." मग वीस मिनिटं तरी दोघं तिथून हलत नसत.

हिराओका-सान अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलं लांब. दीप्ती बावन्न वर्षांची, मूळची पुण्याची. नवरा प्रकाश सॉफ्टवेअरवाला. दोन वर्षांच्या करारावर दोघं आली, त्याला आता सतरा वर्षं झाली. मुलगी यामिनी कोबेला शिकायला गेली, घर रिकामं झालं, आणि त्या रिकाम्या घरात बेसबॉल शिरला.

शिरला म्हणजे कसा, तर ठाण मांडून बसला. पुण्यात दीप्ती नऊ वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होती. इथे ती स्टेशनजवळच्या कोनबिनीत, म्हणजे दिवसरात्र उघड्या असणाऱ्या दुकानात, दुपारपर्यंत काम करते. भाताचे त्रिकोण मांडते, पार्सलं घेते, गिऱ्हाइकाला वाकून नमस्कार करते. काम वाईट नाही, माणसं चांगली आहेत. पण आकड्यांची चटक लागलेल्या माणसाला भाताचे त्रिकोण किती दिवस पुरणार? बेसबॉलमध्ये मात्र आकड्यांचा नुसता सुकाळ. सहा महिने, जवळजवळ रोज सामना, आणि प्रत्येक फेकीची नोंद. दीप्तीला घबाडच सापडलं.

दोघांचा संघ एकच. त्याचं नाव मी सांगत नाही, त्याच्या चाहत्यांनी आधीच पुरेसं सोसलेलं आहे.

तर यंदा गल्लीची हानचो होण्याची पाळी दीप्तीच्या घरी आली. हानचो म्हणजे दहा घरांचा वर्षभराचा मुकादम. मान शून्य, काम बरंच. त्यातलं एक काम काइरानबानचं. ही एक फाइल असते, तीत नगरपालिकेच्या सूचना, भूकंपाच्या कवायतीची तारीख, असले कागद लावायचे आणि ती शेजारच्या घरी द्यायची. त्यांनी वाचून आपल्या चौकटीत शिक्का मारायचा आणि पुढच्या घरी पोचवायची. दहा शिक्के घेऊन फाइल परत हानचोकडे.

जुलैच्या शेवटी ऑलस्टारची सुट्टी आली, निम्मा हंगाम संपला. फाइलमध्ये लावायला डासांच्या औषधफवारणीखेरीज काहीच नव्हतं. दीप्तीच्या हाताला खाज सुटली. तिने एका पानाचा मजकूर लिहिला, "हंगामाच्या मध्यावर: आपल्या गल्लीसाठी पाच मुद्दे".

पहिले चार बिनबोभाट होते. सगळीकडे पिचरांचंच, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यांचंच, राज्य आहे, तीनशेच्या वर सरासरी राखणारे, म्हणजे दहांतले तीन फटके साधणारे, फलंदाज हातावर मोजण्याइतके उरलेत. उन्हाळा असा की दुपारचे सामने खेळाडूंनाही नको आणि प्रेक्षकांनाही. जपानातल्या दोन लीगपैकी दुसरीतही पुढच्या वर्षीपासून पिचरने बॅट हातात धरायची गरज नाही. आपला संघ तळाशी का, याचं सभ्य भाषेत उत्तर. आणि पाचवा मुद्दा बंटचा.

बंट म्हणजे काय, तर आधीचा गडी पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या थांब्यावर, उभा असतो, तेव्हा फलंदाज बॅट नुसती आडवी धरून चेंडू पायाशी टाकतो. स्वतः बाद होतो, पण तो गडी एक बेस पुढे सरकतो. जपानात याचं फार कौतुक. दीप्ती वाढली विकेटला जीव लावणाऱ्या देशात. तिने लिहिलं, "बंट म्हणजे हाताने उचलून दिलेली विकेट. आकडे पाहता ही निव्वळ नासाडी आहे. शाळेतल्या मुलांना तरी हे शिकवणं बंद करावं."

जपानी तपासायला तिने मजकूर यामिनीला पाठवला. यामिनीने व्याकरण सुधारून दिलं आणि खाली जपानीतच लिहिलं की पाचवा मुद्दा काढलेला बरा.

"का गं? चुकीचं काय आहे त्यात?" दीप्तीने फोन केला.

"चुकीचं नाहीये, आई. पण असं काइरानबानमध्ये नाही लिहीत कोणी."

"खरं आहे ना? मग झालं तर."

पुण्याचं पाणी ते. फाइल निघाली.

आठ दिवसांनी फाइल परत आली, नऊ शिक्क्यांसह. हिराओका-सानांची चौकट कोरी होती. बरं, विसरले म्हणावं तर चौकटीशेजारी पेन्सिलीने तारीख घातलेली. म्हणजे फाइल आली, वाचली, आणि शिक्का मारला नाही. जपानात शेजाऱ्याने दारात येऊन शिव्या दिल्या असत्या तरी त्या इतक्या मोठ्याने ऐकू आल्या नसत्या.

मंगळवारी ती सातला पाच मिनिटं असतानाच जाळीपाशी जाऊन उभी राहिली. हिराओका-सान आले, वाकले, म्हणाले, "उकाडा फार आहे, नाही?" पिशवी ठेवली आणि गेले. रविवारीच आपल्या संघाने बाराव्या डावात सामना घालवला होता! त्यावर अवाक्षर नाही. शुक्रवारी पुन्हा उकाडा. पुढच्या मंगळवारी बहुतेक पावसावर बोलणं होणार.

"माफी मागून टाक," प्रकाश म्हणाला.

"कशाची? काय झालंय तेच माहीत नाहीये मला."

"तरी मागायची. इथे तसंच असतं."

पण दीप्तीला ते जमेना. तिला रागही यायचा आणि रडूही. सतरा वर्षांत या देशात तिला चांगलं वागवणारी माणसं खूप भेटली होती, तिच्याशी भांडणारा माणूस एकच होता. तो गेला तर ती फक्त कोनबिनीतली परदेशी बाई उरणार होती. हे तिने प्रकाशला सांगितलं नाही, कारण त्याला वाईट वाटलं असतं.

शनिवारी दुपारी दारावरची घंटा वाजली. हिराओका-सान, हातात रुमालात बांधलेलं गाठोडं. त्यांनी ते उंबऱ्यावरच सोडलं. आत तीन जुन्या वह्या, पानं पिवळी पडलेली.

"आमच्या शाळेच्या संघाची स्कोअरबुकं. तीन वर्षांची. मी दुसऱ्या क्रमांकावर खेळायचो. माझं काम बंट," ते म्हणाले. "एकेचाळीस केले. एकही फुकट गेला नाही, गडी दर वेळी पुढे सरकला. लोक अजून भेटले की तेवढंच म्हणतात. तुम्हाला हिशेब येतो ना? मोजा."

आणि गेले.

दीप्तीने तीन दुपारी त्यात घातल्या. तीन वर्षांतले सगळे डाव तिने कागदावर उतरवले, पहिल्या बेसवर गडी असताना बंट केला तर पुढे काय झालं आणि मारलं तर काय झालं. कॉलेज सुटल्यापासून इतकं एकचित्ताने तिने काही केलं नव्हतं. चहा गार व्हायचा. तिसऱ्या दुपारी उत्तर आलं आणि आपण बरोबर ठरलो याचाच तिला राग आला.

"काय आलं?" प्रकाशने विचारलं.

"तीन सामने त्यांच्या बंटमुळेच जिंकलेत. पण सगळे मिळून धरले तर संघाच्या सहा धावा कमी झाल्या."

"अगं मग चार आकडे इकडचे तिकडे कर. म्हातारा माणूस आहे. खूश होईल, बोलायला लागेल."

प्रकाशचा सल्ला वाईट नव्हता. दीप्तीला ते बोलणं हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. तिने वही उघडली आणि मिटली. असं कुणी प्रॅक्टिकलमध्ये केलं असतं, तर तिने त्या पोराला सरळ नापास केलं असतं. आणि ज्या माणसाने मोजायला सांगितलं, त्याला खोटं मोजून द्यायचं म्हणजे त्याला भांडायला लायक समजायचं नाही.

ती वह्या घेऊन त्यांच्या घरी गेली. हिराओका-सानांनी तिला जवाचा गार चहा दिला. तिने कागद पुढे केला आणि जे होतं ते सांगितलं. तीन सामने जिंकून दिलेत. एकूण सहा धावा तोटा.

त्यांनी कागद वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचला. मग त्यांनी विचारलं, "तिसऱ्या वर्षीचा शेवटचा सामना. नववा डाव. तो कसा धरलात?"

दीप्तीला तो पाठ झाला होता. एका धावेने मागे, पहिल्या बेसवर गडी, कोणी बाद नाही. हिराओकाने बंट केला, गडी दुसऱ्या बेसवर गेला, पुढचे दोघेही बाद, आणि तीन बाद म्हणजे डाव खलास. सामना गेला, शाळा संपली.

"त्या दिवशी आधी तुम्ही तीनदा बॅटिंगला आलात आणि तिन्ही वेळा बेस गाठलात," ती म्हणाली. "तुम्ही मारायला हवं होतं."

"मला माहीत होतं," हिराओका-सान म्हणाले. "त्या दिवशी चेंडू मला कलिंगडाएवढा दिसत होता. प्रशिक्षकांनी खूण केली, मी बॅट आडवी धरली. परत आलो तर सगळ्यांनी पाठ थोपटली. साठ वर्षं थोपटतायत." त्यांनी चहाचा पेला फिरवला. "तुमचा कागद वाचून मी चिडलो होतो. तुम्ही बरोबर असाल अशी भीती वाटली म्हणून." मग एकदम ते म्हणाले, "पण तुम्हीही चिडूनच लिहिलं होतंत. पहिले चार मुद्दे आकड्यांनी लिहिलेत, पाचवा नाही."

याला म्हणतात वाचक.

"मीही केलाय बंट," ती म्हणाली. "पुण्याला माझी कॉलेजातली नोकरी होती. नवरा पुढे सरकला, मुलगी पुढे सरकली. दोघं चांगली आहेत. मी सुखात आहे, खरंच."

"खूण कोणी केली होती?"

"कोणीच नाही. माझी मीच."

हिराओका-सान जोरात हसले. इतक्या मोठ्याने हसताना तिने त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि तीही हसली, डोळे पुसत हसली.

पुढच्या मंगळवारी ते जाळीपाशी पावणेसातलाच हजर होते. आपल्या संघाच्या नव्या पिचरवरून दोघांचं असं जुंपलं की कचऱ्याची गाडी येऊन थांबली. जाता जाता ते म्हणाले, "रविवारी नदीकाठच्या मैदानावर आमच्या म्हाताऱ्यांचा सॉफ्टबॉलचा सामना आहे. नोंद ठेवायला कोणी नाही. याल?"

रविवारी सकाळी दीप्ती टोपी घालून बाकावर बसली, मांडीवर स्कोअरबुक. प्रकाश मागे छत्री धरून उभा. पाचव्या डावात पहिल्या बेसवर गडी असताना हिराओका-सान बॅटिंगला आले. त्यांच्या संघाचे व्यवस्थापक, वय ब्याऐंशी, नाकाला बोट लावून मग पट्ट्याला लावत होते. बंटची खूण. मैदानात ती सगळ्यांना ठाऊक होती, बहुधा समोरच्या संघालाही, कारण त्यांचे गडी पुढे सरकून वाट बघत होते.

चेंडू आला. हिराओका-सानांनी बॅट खांद्यावरून काढली आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून फिरवली.

चेंडू उंच गेला. फार उंच, पण लांब नाही. शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, उभ्या असलेल्या आजोबांनी दोन पावलं मागे टाकून तो झेलला. पहिल्या बेसवरचा गडी होता तिथेच. व्यवस्थापक उभे राहून ओरडू लागले, तुझी मान ताठ झालीय का, खूण दिसत नाही का, आणि अशा अर्थाचं बरंच काही.

हिराओका-सान ते सगळं ऐकत, मान खाली घालून, रीतीप्रमाणे दोनदा वाकून बाकाकडे आले. बसले. घाम निथळत होता, आणि चेहरा असा, जसा शाळेतून पळून आलेल्या मुलाचा असतो. दीप्तीने हसत, पेन्सिल दाबून नोंद केली.

"लिहिलंत?" त्यांनी हळूच विचारलं.

"लिहिलं."

"बंटची नोंद नाही ना केलीत? बंट सरासरीत धरत नाहीत."

"नाही. फटकाच धरला आहे. सरासरी चांगलीच उतरली तुमची."

"वाचा बघू."

"पाचवा डाव. हिराओका. पूर्ण फटका. शॉर्टस्टॉपकडे झेल. बाद."

व्यवस्थापकांचं अजून चालूच होतं. हिराओका-सान तिच्याकडे थोडे सरकले.

"पुन्हा वाचा," ते म्हणाले. "जरा मोठ्याने."