स्कूटर का डगमगली

"काकाजी, डावी कॅरोटिड फारच अरुंद झालीय," सोनोग्राफीचा रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले. कॅरोटिड म्हणजे मेंदूला रक्त नेणारी मानेतली धमनी.

रस्ते दोन. एंडार्टरेक्टॉमी, म्हणजे मानेला चीर देऊन धमनी उघडायची आणि आतला चरबीचा थर काढायचा. किंवा स्टेंटिंग, म्हणजे जांघेतून बारीक नळी वर नेऊन धमनीत जाळी बसवायची. चीर म्हटल्यावर मला जाळीच आवडली.

"डोळ्यापुढे अंधार, हात लुळा पडणं, असं काही?"

"बिलकुल नाही."

बाहेर माझी बायको सुधा रिक्षा शोधू लागली. माझ्या स्कूटरवर ती आठ दिवस बसली नव्हती. ते पाहवेना. तिला घेऊन मी परत आत गेलो.

"डॉक्टरसाहेब, खोटं बोललो."

आठ दिवसांपूर्वी आम्ही भाचीच्या साखरपुड्याला महूला निघालो होतो. वाटेत डाव्या डोळ्यावर काळा पडदा उतरला. दोनच मिनिटं. स्कूटर डगमगली, आणि मी सुधावर ओरडलो, "नीट बस ना! तुझ्यामुळे तोल जातोय." पुढे साखरपुड्यात हाच किस्सा रंगवून सांगितला. सगळे हसले. तीही.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हा टीआयए. म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा क्षणभर अडून आपोआप सुटलेला छोटा झटका. यानंतर मोठा येऊ शकतो. असा झटका येऊन गेलाय आणि तुमचं वयही सत्तरच्या पुढे, तेव्हा स्टेंटपेक्षा ऑपरेशन बरं. आणि लवकर."

सुधाने विचारलं, "म्हणजे मी नीटच बसले होते?"

"एकदम सीधी, काकीजी."

"आणि मी आठ दिवस कंबरेचे व्यायाम करतेय!"

ऑपरेशनला फक्त मान बधिर केली. मी जागा होतो. उजव्या हातात एक रबरी बदक दिलं. सांगितलं की दाबायचं. ते वाजलं म्हणजे मेंदूला रक्त पोचतंय. बहात्तराव्या वर्षी मी बदक वाजवत पडलो होतो, आणि प्रत्येक 'चूं'ला मनात म्हणत होतो, चला, अजून आहोत!

तिसऱ्या दिवशी घरी आलो. आवाज काही आठवडे घोगरा राहिला, एवढंच.

तुमच्यावर ही वेळ आली तर दोन मिनिटांचा अंधारही डॉक्टरांना सांगा. निवड त्यावरच ठरते.

भाचीच्या लग्नात जेवणं चालू असताना मी उभा राहिलो आणि घोगऱ्या आवाजात म्हणालो, "त्या दिवशी सुधा सरळच बसली होती. चूक माझी."

शेवटच्या पंगतीतून सुधा ओरडली, "जोरात बोला! इथे मागे ऐकू नाही आलं!"

मी पुन्हा सांगितलं. तीनदा.