काळ्या बंपरवरचं पांढरं

स्पष्टच सांगते, गाडी चमकवणाऱ्या माणसांचा मला राग येतो. आमच्या कॉलनीमागच्या वस्तीत नळाला एक दिवसाआड पाणी, आणि कॉलनीत पाइप लावून गाड्यांना अंघोळी! यावर मी पत्रक काढलंय आणि घरोघर वाटलंय. पहिली प्रत पप्पांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी एका बादलीत धुवायला लागले. पत्रक वाचून खरंच बदललेला एवढा एकच माणूस मला माहीत आहे.

पप्पांनी उभा जन्म एकलहऱ्याच्या वीज केंद्रात काढला. तिथला त्यांचा मंत्र होता, ‘फिरेल त्याला ग्रीस, दिसेल त्याला पॉलिश.’ निवृत्त झाल्यावर त्यांनी जुनी लाल गाडी घेतली. चुलतबहिणीच्या लग्नाला देवळ्याकडच्या आमच्या गावी ती पहिल्यांदा जाणार होती. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मंत्र पाळला. दिसेल त्याला, म्हणजे पत्रा, आरसे, दाराखालची काळी पट्टी, पुढचा-मागचा बंपर, सगळ्याला मेणाचं पॉलिश फासलं आणि गाडी उन्हात सोडली.

पत्रा झकास चमकला. पण काळं प्लास्टिक खरबरीत, त्याच्या कणाकणात मेण वाळून बसलं. जणू घराला चुना देताना गाडी खालीच राहिली होती. पप्पा ओलं फडकं मारायचे, ओलं असेपर्यंत सगळं काळंभोर दिसायचं, वाळलं की पांढरं पुन्हा हजर.

“बूटपॉलिश मारतो,” ते म्हणाले. “दिसणार नाही कुणाला.”

“पप्पा, झाकायचं नाही. एक तर काढायचं, नाहीतर राहू द्यायचं!”

“राहू द्यायचं? पारासमोरून न्यायचीये ती.”

गावातल्या त्या पाराबद्दल मला लहानपणापासून माहीत आहे. आजोबांकडे सायकल होती. पार आला की त्यांना खाली उतरावं लागायचं. वर बसलेल्या मंडळींसमोरून आमच्या जातीच्या माणसाने सायकलवर बसून जायचं नाही, असा तिथला कायदा होता. कुठेच न लिहिलेला. मागच्या कॅरियरवरून तेव्हा लहान असलेले पप्पाही उतरायचे. पार मागे पडला की दोघं पुन्हा बसायचे.

मी भडकलेच. “त्या लोकांना दाखवायला बंपर घासणार तुम्ही? मी असते तर चिखलाने बरबटलेली नेली असती. त्यांची पसंती हवीच कशाला?”

पप्पा फडकं पिळत होते. “तू चिखलाची ने,” ते म्हणाले. “तुझा आजोबा सायकल पुसल्याशिवाय घरातून निघायचा नाही. उतरायला लागणार हे माहीत असायचं, तरी पुसायचा.”



इतका वेळ दारात उभी राहून आई ऐकत होती. आई शाळेत शिक्षिका आहे. ती आत गेली आणि पर्स घेऊन आली. पर्समध्ये मुलांचे विसरलेले खोडरबर कायम असतात. तिने एक पांढरा रबर बंपरच्या कोपऱ्यावर घासला. मेणाच्या काळपट वळ्या सुटल्या आणि खालून स्वच्छ काळं प्लास्टिक निघालं.

“हे घ्या पुढारीणबाई,” तिने दुसरा रबर मला दिला. “भाषण झालं असेल तर मागचा बंपर तुझा.”

कोपऱ्यांत आणि खाचांत रबर पोचत नव्हता. तिथे कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश वापरला. जोर करायचा नाही, गोल गोल घासायचं आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपायचं, नाहीतर सुटलेलं मेण परत तिथेच बसतं. पप्पा पुढे आणि मी मागे, दिवे लागेपर्यंत घासत होतो. माझी बोटं आखडली. पाणी एकच बादली वापरलं, हे नोंदवून ठेवते.

दुसऱ्या दिवशी देवळ्याच्या अलीकडे कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली आणि तिच्यामागे आमची गाडी धुळीने न्हाऊन निघाली. गावाच्या वेशीवर पप्पांनी गाडी थांबवली, खाली उतरले, फडक्याने आरसे आणि बंपर पुसले, पुन्हा बसले. मी एक शब्द बोलले नाही. आईने मागे वळून माझ्याकडे पाहिलं, माझी तब्येत बरी आहे ना म्हणून.

पारासमोर त्यांनी गाडी अगदी हळू केली. हॉर्न नाही, काही नाही. पारावर एक म्हातारे बाबा बसले होते. त्यांनी डोळ्यांवर हात धरून विचारलं, “गाडी कोनी शे रे?”

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं, चांगलं धारदार. पण पप्पांनी काच खाली केली.

“मनी शे,” ते म्हणाले.

नाशकात पप्पा कधी अहिराणी बोलत नाहीत. ‘माझी आहे’ हे मी त्यांच्या तोंडून त्या बोलीत पहिल्यांदा ऐकलं. बाबांनी मान हलवली. “चांगली शे,” म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले. बस. एवढंच झालं.

पप्पांनी काच वर केली. पार मागे पडला. थोडं पुढे गेल्यावर ते आरशात माझ्याकडे बघून म्हणाले, “मागच्या बंपरला, नंबरप्लेटच्या वरच्या खाचेत थोडं राहिलंय.”

“माहितीये,” मी म्हटलं. “रबर आणलाय.”